फ्रँकफुर्टच्या बाजारात मोडीच्या भावाने चमचे

ऱ्हाइनवरची बोट झाली, हायडलबर्गचा किल्ला झाला. दोन्ही सुंदर, दोन्हीकडे नको इतकी गर्दी. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते फ्रँकफुर्टच्या शनिवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराबद्दल.

हा बाजार माइन नदीच्या दक्षिण काठावर, संग्रहालयांच्या रांगेसमोर भरतो. पण दर शनिवारी नाही. एका आड एका शनिवारी तो पूर्वेकडच्या बंदराजवळ असतो, म्हणून आधी चौकशी करून जा. खिशात रोख पैसे हवेत आणि अंगात जाड स्वेटर, कारण सकाळी नदीवरचा वारा फार बोचतो.

एका टेबलावर प्लास्टिकच्या टबात चांदीचे चमचे ओतलेले होते. शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा. गिऱ्हाईक मूठभर चमचे उचलणार, विक्रेता ते काट्यावर टाकून ग्रॅमने हिशेब करणार. मला ते बघवेना. मोड आपल्याकडेही विकतात, पण आपला सराफ निदान कस तरी बघतो.

मी भिंग लावून एकेक चमचा उलटा करायला लागले. बहुतेकांच्या दांड्यामागे तांदळाच्या कणीएवढी चंद्रकोर, तिच्याशेजारी मुकुट, मग ८०० आणि कारखान्याची खूण. जर्मन साम्राज्याने १८८४ साली कायदा केला आणि तो १ जानेवारी १८८८ पासून लागू झाला, त्यातले हे शिक्के. ८०० म्हणजे हजार भागांत आठशे भाग शुद्ध चांदी. भांडी-चमच्यांवर मुकुट-चंद्रकोर उमटवायची तर शुद्धता किमान एवढी हवी. काहींवर नुसता ९० होता. तो चांदीच्या मुलाम्याचा आकडा, आत दुसराच धातू.

तळाशी एक पातळ, लांब दांड्याचा चमचा सापडला. वाटीची कड एका बाजूने झिजलेली. कुणीतरी वर्षानुवर्षं उजव्या हाताने पातेल्याचा तळ खरवडला असणार. मागे मुकुट नाही, चंद्रकोर नाही. फक्त १३ आणि कारागिराचं नाव, शेवटची अक्षरं पुसट झालेली.

"मावशी, ते म्हणतायत यावर ८०० नाही, म्हणून कमी भावात देतो," माझा भाचा म्हणाला. तो तिथेच नोकरीला आहे, दुभाष्याचं काम त्याच्याकडे.

"त्यांना सांग, ही जुनी लोथची मोजणी आहे. सोळा लोथ म्हणजे शुद्ध चांदी. तेरा लोथ म्हणजे हजारात ८१२.५. हा ८०० पेक्षा चांगला आहे आणि १८८८ च्या आधीचा आहे."

त्याने सांगितलं. विक्रेत्याने मान हलवली आणि चमचा काट्यावर ठेवला. मी तो घेतला, पण टबात तसले आणखी किती होते कोण जाणे, आणि ते सगळे भट्टीत जाणार याचं वाईट अजून वाटतं. एकदा वितळला की त्या कारागिराचं नावही गेलं. घासायच्या यंत्रावर चमचे चकाचक करून देणाऱ्यांवरही माझा तेवढाच राग आहे; चकाकी येते आणि शिक्का जातो. मऊ फडकं पुरतं.

दुसऱ्या दिवशी हानाऊला गेलो, लोकल गाडीने जवळच आहे. १५९७ मध्ये डच आणि वालून निर्वासितांनी इथे नवं गाव वसवलं, आणि पुढे ते सोनार-चांदीकारांचं गाव झालं. जुन्या नगरभवनात आता सुवर्णकारांचं संग्रहालय आहे. मूळ इमारत १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, नंतर पुन्हा उभारली. तिथे शांतता होती, गर्दी अजिबात नाही, आणि मला हवा तेवढा वेळ काचेला नाक लावून उभं राहता आलं.

याच हानाऊच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुन्या घाटाच्या वस्तू भरपूर काढल्या आणि त्यांवर जुन्या शहरांच्या शिक्क्यांसारखे कल्पित शिक्के मारले. काम अव्वल, यात वाद नाही. पण आज तोच माल कुणी अठराव्या शतकातला म्हणून विकत असेल तर ती फसवणूक आहे. ऑग्सबर्ग या जुन्या जर्मन शहरातल्या खऱ्या वस्तूवर शहराचा शिक्का म्हणून पाइनचा शंकू असतो, १७३५ पासून त्याखाली सालाचं अक्षर, आणि बऱ्याच जुन्या वस्तूंवर एक बारीक नागमोडी ओरखडा. कस तपासायला तिथली चांदी खरवडून काढलेली असते. आणि जुन्या दिसणाऱ्या शिक्क्यांच्या जोडीला कुठे चंद्रकोर-मुकुट सापडले, तर विक्रेता काहीही सांगो, वस्तू त्या कायद्यानंतरचीच.