तुम्ही विचारलंत म्हणून: माझं कृपादान कोणतं?

प्रार्थनासभा संपली की कोणीतरी मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "ताई, माझं कृपादान कोणतं, हे कसं ओळखायचं?" दर वेळी मी चपला शोधता शोधता काहीतरी सांगून मोकळी होते. आज सवडीने लिहिते. कृपादान म्हणजे मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांच्या, सेवेसाठी पवित्र आत्मा देतो ती देणगी.

हा प्रश्न मलाही पडला होता. तेव्हा मी एक लांबलचक प्रश्नावली भरली, गुणांची बेरीज केली आणि 'शिकवणे' पहिलं आलं. हुरूप येऊन मी प्रौढांचा बायबल वर्ग सुरू केला. चार महिन्यांत तिघं उरले, त्यांतले एक माझे यजमान. प्रश्नावलीला दोष कशाला देऊ? मला काय व्हायला आवडेल ते मी तिला सांगितलं, तिने तेच मला ऐकवलं.

आपण याद्यांवर फार विसंबतो. प्रेषित पौल नव्या करारातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात 9 कृपादानं सांगतो, रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात 7. ताडून पाहिलं तर दोन्हींत सामाईक एकच, देवाच्या प्रेरणेने संदेश देणं. करिंथच्या त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी एक यादी येते. तिच्यात रोग बरे करणं आणि अन्य भाषा (न शिकलेल्या, आत्म्याच्या प्रेरणेने ओठांवर येणाऱ्या) बोलणं यांच्या मधोमध साहाय्य करणं आणि व्यवस्था पाहणं बसलंय. 'व्यवस्थे'साठीचा मूळ ग्रीक शब्द जहाजाचं सुकाणू धरणाऱ्याच्या कामावरून आलाय. हिशेबाची वही सांभाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मला वाटतं, पौलाला संपूर्ण यादी द्यायचीच नव्हती. तो भांडण मिटवत होता. करिंथमध्ये अन्य भाषा बोलणारे स्वतःला वरचढ समजू लागले होते. म्हणून 14व्या अध्यायात तो म्हणतो की मंडळीत अन्य भाषेतल्या 10,000 शब्दांपेक्षा समजतील असे 5 शब्द बोललेले बरे. लग्नात आपण वाचतो तो प्रीतीचा 13वा अध्याय याच वादाच्या मध्यावर आहे. नवरा-नवरीचा तिथे काही संबंध नाही.

भाषा बोलणं, रोग बरे करणं ही दानं प्रेषितांच्या काळाबरोबर थांबली असं काही मंडळ्या मानतात. पेंटेकॉस्टल मंडळ्या ती आजही चालू आहेत म्हणतात. तो निवाडा मी करत बसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर अडलेलंही नाही.

आता माझं सांगते. उपासनेत माझं चित्त लागत नाही, ही माझी जुनी लाज. उपदेश चालू असतो आणि माझे डोळे रिकाम्या जागा मोजत असतात. अमके आले नाहीत, तमक्यांची ही दुसरी खेप. सोमवारी चहा झाला की मी एकेकाला फोन लावते. चौकशीखोर म्हणून बोलणीही खाल्ली आहेत. एकदा पत्नी गेलेल्या एका आजोबांनी मला फाटकाशी थांबवलं. चष्मा काढून पुसत राहिले, मग म्हणाले, "सहा सोमवार तुझा फोन आला. सातव्या सोमवारी मी वाट बघत बसलो होतो." मी काय बोलणार? ज्याबद्दल मी वर्षानुवर्षं क्षमा मागत होते, ते कोणाच्या तरी कामी येत होतं.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी दान शोधून मग सेवेला लागू नका. समोर पडलेलं काम हाती घ्या आणि कोणाला उभारी आली ते बघा. गाता येणं हा गुण झाला. त्या गाण्याने दुसऱ्याचा विश्वास सावरला, तर पुढचं बोलू. आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, त्यांत एक तरी तोंडावर स्पष्ट बोलणारा असू द्या. माझा वर्ग बंद करा असं सांगणाऱ्या पाळकबाईंवर मी महिनाभर रुसले होते. त्यांचंही ते दानच असावं, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काल तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. सकाळपासून फोन लागत नाहीये. संध्याकाळी जाऊन येते.