तुम्ही विचारलंत म्हणून: तुमचे गुरू कोण?

कार्यक्रम संपला की मी वायरी गुंडाळत असतो आणि तेवढ्यात कुणीतरी स्टेजपाशी येतंच, बहुतेक वेळा एखादे रिटायर्ड काका, "छान वाजवता हो, गुरू कोण तुमचे?" पेटी आजोबांकडे शिकलो हे उत्तर सगळ्यांना पटतं. पण मी त्याला जोडून जॉन चाउनिंग म्हणतो आणि मग काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. परवा कालिदास नाट्यगृहात एकांनी विचारलं, मिशनरी का? म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

चाउनिंग मुळात ड्रमवाला. जन्म १९३४, न्यू जर्सीचा, नेव्हीत असताना वाजवायचा, मग पॅरिसला नादिया बुलांजेबाईंकडे कंपोझिशन शिकला आणि तिथून स्टॅनफर्डला आला. (गुरू असून अरेतुरे करतोय, पण पुढे सांगतो त्या मशीनपायी मी त्याला इतक्या शिव्या घातल्यात की आता अहोजाहो जमत नाही.) कंप्युटर त्याने कधी जवळून पाहिलाही नव्हता. १९६४ साली बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या मॅक्स मॅथ्यूजचा लेख त्याच्या हातात पडला, त्यात म्हटलेलं की कंप्युटर कुठलाही आवाज काढू शकतो, फक्त आकडे द्यायचे. हा गडी थेट मॅथ्यूजकडे गेला आणि पंच कार्डांचा, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरच्या प्रोग्रॅमचा, एक डबा घेऊन परत आला. तो डबा स्टॅनफर्डच्या मशीनवर चालवून दिला कुणी, तर ऑर्केस्ट्रात ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याने. म्हणजे वाजंत्रीच सगळे.

आता मुद्द्याचं. दरबारीचा कोमल गंधार आठवा, तो झुलतो ना, आंदोलन म्हणतो आपण. चाउनिंग १९६७ मध्ये असंच काहीतरी करत होता, एक साधा सूर घेऊन दुसऱ्या सुराने त्याला हलवायचं, व्हायब्रेटो. सेकंदाला पाच-सहा वेळा हलवला तर गाणाऱ्या बाईसारखा वाटतो. याने वेग वाढवला, हलवण्याचं अंतरही वाढवलं, आणखी वाढवलं, गळ्याला जे जन्मात शक्य नाही तिथपर्यंत नेलं, सेकंदाला शंभर, दोनशे, आणि एका टप्प्यावर कानाला ते हलणं मोजताच येईना आणि झुलणारा सूर गायब होऊन तिथे वेगळंच काहीतरी वाजायला लागलं, वेगळ्या जातीचा, वेगळ्या धातूचा आवाज. हेच एफएम सिंथेसिस, एका सुराने दुसऱ्याला हलवून नवा आवाज घडवणं. तोपर्यंत असा भरलेला आवाज काढायचा तर डझनभर सूर एकावर एक रचावे लागायचे, इथे दोनातच काम झालं. गणित त्याने नंतर समजून घेतलं, आधी कानाला कळलं. इंजिनिअरने कदाचित चूक समजून आकडा खाली आणला असता, ड्रमवाल्याने वर नेला. मी त्याला गुरू म्हणतो ते एवढ्यासाठी.

पुढची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात घडावी तशी. अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांना दाखवलं, त्यांना कळलं नाही. यामाहा या जपानी वाद्यकंपनीचा इंजिनिअर आला आणि त्याला काही मिनिटांत कळलं. मधल्या काळात स्टॅनफर्डने चाउनिंगला कायम केलं नाही, नोकरी गेली, मग १९७५ ला परत बोलावलं. १९७७ ला पेटंट मिळालं आणि त्यातून युनिव्हर्सिटीने दोन कोटी डॉलरच्या वर कमावले. १९८३ ला आला यामाहाचा डीएक्स७, याच एफएमवर चालणारा की-बोर्ड, लाखावर विकला गेला, ऐंशीच्या दशकातलं ते चमकदार इलेक्ट्रिक पियानोचं गाणं आठवलं की समजा बहुतेक तोच.

त्याच्या स्वतःच्या रचना मात्र फार कुणी ऐकत नाही. 'स्ट्रिया' १९७७ ची, त्यात सप्तकच मोडलंय, दुप्पट झाल्यावर तार सा यायला हवा तर तो १.६१८ पटीला आणतो, सुवर्ण गुणोत्तर. खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकताना मला झोप लागली. तिसऱ्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कुठे आत जाता आलं. 'तुरेनास'मध्ये आवाज चार स्पीकरमधून तुमच्याभोवती फिरतो. आपल्या गावात स्पीकरच्या दोन भिंती उभ्या करतात आणि दोन्हीतून तेच, जाऊ दे.

माझा डीएक्स७ एका ऑर्केस्ट्रावाल्याने धंदा बंद करताना दिलेला. दोन ओळींची स्क्रीन, चपटी बटणं, आकडे भरायला सरकवायची एकच पट्टी, आणि आत सहा ऑपरेटर, म्हणजे सूर काढणारे सहा भाग, कोण कुणाला हलवणार याच्या बत्तीस जोडण्या. मला त्यात घंटा हवी होती. नारोशंकराच्या देवळातली नव्हे हो, ती फार मोठी, पंचवटीत आमच्या गल्लीतल्या मारुतीची. चाउनिंगच्या १९७३ च्या शोधनिबंधात घंटेचे आकडे आहेतच, सेकंदाला २०० कंपनांचा सूर आणि त्याला हलवणारा २८०, म्हणजे १.४० पट. तसं भरलं, वाजवलं, तर स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काय पाडलंस रे?" स्टीलचं पातेलं झालेलं.

मग देवळात जाऊन बसलो. लोक घंटा वाजवून आत जातात, मी ती संपेपर्यंत ऐकत होतो. आधी टण्ण, त्यातली चकाकी लगेच विरते, मागे नुसता घुमारा राहतो आणि तो खूप वेळ राहतो. माझ्या घंटेत सगळं एकदमच मरत होतं. घरी येऊन हलवणाऱ्या सुराला आधी मारलं आणि मूळ सुराला पंधरा सेकंद जगू दिलं. आई काही बोलली नाही. मग काकड आरतीच्या एका कार्यक्रमात वाजवली आणि एक आजी मागे वळून घंटा शोधत होत्या.

मागच्या वर्षी डीएक्स७ची आतली बॅटरी गेली आणि बत्तीसच्या बत्तीस आवाज पुसले गेले. घंटा वाचली, कारण तिचे आकडे मी त्या रात्री कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे लिहून ठेवले होते. पान जूनचं आहे, पुढच्या बाजूला आईचा दुधाचा हिशोब. २२ तारखेला दूध नाही.