संग्रहालयात हिवाळी ऑलिंपिक: घड्याळ आणि दगड

कोलोरॅडो स्प्रिंग्जचं अमेरिकी ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक संग्रहालय २०२० च्या जुलैत उघडलं. आधी सर्वांत वरच्या मजल्यावर जायचं आणि मग उतारांवरून खाली यायचं अशी त्याची रचना. व्हीलचेअरवाल्यांनाही हाच रस्ता, त्यामुळे सोहळ्याच्या दिवशी वेगळी सोय करावी लागत नाही.

अशा ठिकाणी सामने एकत्र बघायचे, तर आधी घड्याळ. २०२६ च्या मिलान-कोर्तिना स्पर्धांवेळी इटली ८ तास पुढे होती. तिथले रात्रीचे ८ म्हणजे इथे भर दुपारचे १२. म्हणजे प्रेक्षक कोण? शाळेच्या सहली आणि निवृत्त मंडळी. खरी मेख पॅरालिंपिकात. ८ मार्चला अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे सरकली, युरोपची २९ मार्चपर्यंत नाही. फरक उरला ७ तासांचा. जुनंच वेळापत्रक भिंतीवर राहिलं तर शेवटचा आठवडाभर लोक तासभर आधीच येणार.

लहान मुलांना कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत नेम साधायचा खेळ, हवाच. खरा दगड १७ ते २० किलोचा आणि पट्टी सुमारे ४५ मीटर लांब, तेव्हा बेअरिंगवर घरंगळणारे हलके दगड बरे. जमीन आधी कोरड्या फडक्यानं पुसा. बेअरिंगमध्ये कचरा गेला की दगड एका बाजूला ओढतो आणि पोरं नेमाला दोष देतात. फरशीचा उतार गोटी सोडून तपासा. गालिच्यावर मात्र हा खेळ मांडूच नका.