तुम्ही विचारलंत म्हणून: माझा फ्लॅश उजवीकडे एवढा मागे कसा वळतो?

लग्नाच्या सीझनमध्ये सोबत फोटो काढणारं नवीन कोणी असलं की हा प्रश्न येतोच. "दादा, आमच्या फ्लॅशचं हेड उजवीकडे नव्वदला अडकतं, तुमचं त्याच्याही मागे जातं, ते कसं?" आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढचं वाक्य, "आमचाही करून द्या ना." प्रत्येक वेळी स्टेजखाली उभ्या उभ्या अर्धवट सांगितलं जातं आणि यात अर्धवट माहिती चांगली नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

हेड म्हणजे कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशचा वळणारा, प्रकाश फेकणारा वरचा भाग. आधी ते अडकतं म्हणजे काय ते बघू. निकॉनचे एसबी-६०० आणि एसबी-८००, कॅनॉनचे ४२०ईएक्स, ४३०ईएक्स, ५५०ईएक्स, हे सेकंडहँडमध्ये अजून मिळणारे आणि अजून उत्तम चालणारे फ्लॅश. यांचं हेड डावीकडे १८० अंश वळतं, उजवीकडे फक्त ९०. म्हणजे वर्तुळाचा पाऊण भाग तुमचा, पण उजवीकडून मागे जाणारा एक कोपरा बंद. कॅनॉनने २००४ च्या ५८०ईएक्सला दोन्हीकडे १८० दिलं, निकॉनने २००८ च्या एसबी-९०० ला. त्यामुळे नवीन महागडा फ्लॅश वापरणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, पडतो तो जुन्या फ्लॅशवर पोट भरणाऱ्याला.

आता कोणी म्हणेल एका कोपऱ्याने काय एवढं बिघडतं. कॅमेरा आडवा असताना खरंच काही बिघडत नाही, हेड वर करा, डावीकडून मागे फिरवा, प्रकाश आदळून परत यायला छत आणि मागची भिंत दोन्ही मिळतात. गंमत कॅमेरा उभा केल्यावर आहे. बहुतेक जण कॅमेरा उभा करताना उजवा हात वर नेतात, म्हणजे ग्रिप (कॅमेऱ्याची उजव्या हाताने धरायची बाजू) वर आणि फ्लॅश डावीकडे आडवा बाहेर आलेला. या अवस्थेत कॅमेऱ्याची उजवी बाजू म्हणजे छत. हेड उजवीकडे ९० ला नेलं की ते बरोबर सरळ वर बघतं आणि तिथेच थांबतं. पण मला सरळ वर नकोय, मला वर आणि थोडं मागे हवंय, माझ्या डोक्यावरून मागच्या छताकडे, आणि बंद असलेला कोपरा नेमका तोच!

सरळ वर आणि वर-मागे यात फरक किती, हे नवरीचे क्लोज-अप काढणाऱ्याला विचारा. समोरच्या माणसापासून दोन-तीन फुटांवर उभं राहून प्रकाश सरळ वर मारला की तो जवळपास त्याच्या डोक्यावरूनच खाली येतो. कपाळ चमकतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, मुंडावळ्यांच्या सावल्या गालावर उतरतात. तोच प्रकाश मागे ढकलला की छताचा मोठा पट्टा आणि मागची भिंत मिळून प्रकाश देतात, तो समोरून आणि वरून येतो, डोळ्यात चमक येते, शालूची जर दिसते पण भाजल्यासारखी पांढरी होत नाही. आणि लग्नात उभ्या फ्रेम किती असतात बघा, नवरीचा पूर्ण फोटो, जोडीचा फोटो, करवली, हार घालताना, अंतरपाटाच्या एका बाजूने, अल्बमचं कव्हर तर बहुतेक उभंच.

मग कॅमेरा उलटा उभा धरा की, ग्रिप खाली, असं एक उत्तर असतं आणि ते चुकीचं नाही. तसं धरलं की कॅमेऱ्याची डावी बाजू वर येते, डावीकडे १८० पर्यंत मोकळीक आहेच, एक स्क्रू न उघडता काम होतं. ज्यांना तसं धरायला जमतं त्यांनी खुशाल तसंच करावं, पुढचं वाचायची गरजही नाही. पण खाली बॅटरी ग्रिप (कॅमेऱ्याच्या तळाला जोडायचा जादा बॅटरीचा भाग) लावलेली असेल तर तिचं उभ्या फ्रेमसाठीचं शटर बटण उजवा हात वर नेण्याचा त्रास वाचावा म्हणून दिलेलं असतं आणि कॅमेरा त्याच दिशेने वळवावा लागतो ज्या दिशेला आपला कोपरा बंद आहे. मी बॅटरी ग्रिपवाला आहे. दिवसभर ७०-२०० लेन्स हातात असते, मनगट वाचवायचं की प्रकाश वाचवायचा अशी निवड मला मान्य नव्हती.

तर आतलं काम. फ्लॅशची बॉडी आणि हेड यांच्यामध्ये मान असते, मानेतून वायरी वर जातात. फ्लॅश ट्यूबच्या जाड वायरी, ट्यूब पेटवणारा काही हजार व्होल्टचा ट्रिगर, झूमच्या, म्हणजे झोत अरुंद-रुंद करणाऱ्या मोटरच्या बारीक वायरी. हेड गोल गोल फिरत राहिलं तर हा सगळा जुडगा पिळला जाऊन तुटेल, म्हणून मानेत अडसर दिलेला असतो. माझ्या फ्लॅशमध्ये तो एक प्लास्टिकचा खुंटा आहे, तो एका गोलाकार खाचेत सरकतो आणि खाच संपली की थांबतो. माझ्या फ्लॅशचं मॉडेल मी मुद्दाम सांगत नाही कारण आत प्रत्येकाची रचना वेगळी असते आणि मी नाव घेतलं की कोणीतरी तेवढ्या भरवशावर स्वतःचा उघडणार.

बरेच जण काय करतात तर खुंटाच कापून टाकतात. हेड मोकळं फिरतं, दोन दिवस आनंद. पण गर्दीत, घाईत, आपण आता कुठल्या बाजूने फिरवून इथे आलो हे लक्षात ठेवणं कोणालाच शक्य नाही, एकाच दिशेने दोन-तीन फेरे झाले की वायरीचं इन्सुलेशन घासतं, मग आधी झूम बंद पडतो किंवा मग ट्रिगरची ठिणगी नको तिथे उडते. माझं ठाम मत आहे, खुंटा कापायचा नाही. खाच वाढवायची, आणि तीही पूर्ण १८० पर्यंत नाही. उजवीकडचं १८० म्हणजे तेच ठिकाण जे डावीकडच्या १८० ने आधीच मिळतंय, मग त्याचा हव्यास कशाला? मी बारीक कानशीने खाच उजव्या बाजूला साधारण १५० पर्यंत नेली आणि खाचेच्या दोन टोकांमधली भिंत जाड राहू दिली. अडसर अजून अडसरच आहे, फक्त पुढे सरकला. दोन्हीकडून पूर्ण १८० हवंच असेल तर एका खुंट्याने भागत नाही, मध्ये एक सैल फिरणारं कडं बसवावं लागतं जे आधी स्वतः सरकतं आणि मग अडतं, आणि एवढ्याशा मानेत ते घरी बसवणं माझ्या मते करू नये.

खाच वाढवली म्हणजे झालं असंही नाही. वायरींना तेवढी ढील आहे का हे हेड दोन्ही टोकांना नेऊन, झाकण उघडं असताना, डोळ्यांनी बघायचं. कुठे ताणली जातेय, कुठे कडेवर घासतेय. ढील नसेल तर कानशी हातात घ्यायचीच नाही, झाकण लावून ठेवून द्यायचा. प्लास्टिकचा भुसा ब्रशने पूर्ण काढायचा. आणि मानेत टकटक असा ठेका देणारी एक छोटी गोळी आणि स्प्रिंग असू शकते, उघडताना ती उडून जाते, म्हणून पांढऱ्या कापडावर, ट्रेमध्ये उघडावं. वाढवलेल्या भागात त्या गोळीला बसायला खाचा नसतात त्यामुळे हेड तिथे थोडं सैल वाटतं, साधं चालतं, पण वर मोठा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारा कापडी डबा) लावला तर ओघळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याच कारणासाठी मी कोणालाही "करून देतो" म्हणत नाही. फ्लॅशमधला मुख्य कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, साधारण ३३० व्होल्टला चार्ज होतो. मोठ्या फ्लॅशमध्ये तो हजार-चौदाशे मायक्रोफॅरडचा असतो. १४०० धरला तर ७५ ज्यूलच्या आसपास ऊर्जा होते, आणि सेल काढल्यावर ती निघून जात नाही, बराच वेळ आत बसून राहते. हा झटका जीव घेऊ शकतो, अतिशयोक्ती नाही करत. सेल काढायच्या, शक्य असेल तर त्याआधी फ्लॅश बंद करून तसाच ठेवायचा, आणि उघडल्यावर पहिलं काम कपॅसिटर रिकामा करणं. स्क्रूड्रायव्हर टेकवून नाही, त्याने मोठी ठिणगी पडते, धातू वितळतो आणि कपॅसिटरही खराब होतो. दोन किलोओमचा दहा वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर, इन्सुलेशनवाल्या वायरी आणि क्लिपा, एक हात खिशात. पंधरा-वीस सेकंदात व्होल्टेज जवळपास उतरतं, पण मीटर लावून खात्री करायची आणि काम चालू असेपर्यंत रेझिस्टर तसाच लावून ठेवायचा कारण रिकामा झालेला कपॅसिटर स्वतःहून परत थोडं व्होल्टेज दाखवतो. हे वाक्य वाचून ज्याला मीटर कुठे लावायचा असा प्रश्न पडला त्याने फ्लॅश उघडू नये, कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या जाणकार माणसाकडे न्यावा आणि त्याला "अडसर काढू नका, सरकवा" एवढंच सांगावं.

आणि हे सगळं करूनही प्रत्येक हॉलमध्ये उपयोग होतो असं नाही. छत पांढरं हवं आणि दहा-बारा फुटांवर हवं. पीओपीचं छत असलेलं मंगल कार्यालय असेल तर स्वर्ग. वर पत्रे असतील, किंवा लाल-पिवळा मांडव असेल तर कापडाचाच रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो, हळदीच्या दिवशी तर रंग सुधारता सुधारत नाही. तिथे मी हेड मागे वळवतच नाही. बाउन्समध्ये, म्हणजे प्रकाश असा आदळवून परत आणताना, दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जातो हेही धरून चाला, माझा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ते १६०० च्या मध्ये असतो, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ४ च्या जवळ, आणि सेलचा दुसरा सेट खिशात. मागे कोण उभं आहे तेही बघत जा, आजी-आजोबांच्या डोळ्यात थेट फ्लॅश गेला तर त्यांना त्रास होतो.

आज नव्याने फ्लॅश घेणार असाल तर माझं सांगणं सरळ आहे, दोन्हीकडे १८० वळणारा घ्या, दुकानात हाताने फिरवून बघा. जुना आहे, चांगला चालतोय आणि बॅटरी ग्रिप वापरत नसाल तर कॅमेरा उलटा उभा, ग्रिप खाली, धरायची सवय लावा. उघडायचाच असेल तर बंद पडलेला, भंगारात निघालेला त्याच मॉडेलचा एक फ्लॅश आधी मिळवा, कपॅसिटर रिकामा करून त्याची मान उघडून बघा आणि कानशी पहिल्यांदा त्यावर चालवा.