कंपासचे वर्तुळ आणि रामटेकचा डोंगर

प्रक्षेपणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यांतली एक सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. दहा मीटर उंचीच्या घडीच्या खांबावर अँटेना चढवून आम्ही रामटेक गावात सिग्नलची ताकद मोजली, तेव्हा मीटरचा काटा हवा तिथे होता. मग गाडी डोंगराला वळसा घालून अंबाळा तलावाच्या काठी नेली, तोच खांब पुन्हा उभा केला आणि काटा इतका खाली बसला की आम्ही आधी केबलचा जोड तपासला. जोड चांगला होता. मधे गडाचा डोंगर होता. कार्यालयातल्या नकाशावर मात्र ही दोन्ही ठिकाणे एकाच वर्तुळात, एकाच रंगात दाखवलेली होती.

नागपूरसाठी जमिनीवरील मनोऱ्यावरून चालणारी स्थानिक डिजिटल वाहिनी असावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे असे प्रक्षेपण आजवर दूरदर्शनच्याच हाती राहिले आहे. ते खासगी संस्थांनाही खुले करावे, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने जानेवारी 2017 मध्ये केली होती. तो दिवस येईल तेव्हा पहिला प्रश्न व्याप्तीचा असेल, आणि तेव्हा कुणी सेमिनरी हिल्सवर कंपासचे टोक रोवून वर्तुळ काढू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

वर्तुळाचा मोह समजण्यासारखा आहे. मनोरा शंभर मीटरचा आणि घरावरचा अँटेना दहा मीटरवर धरला, तर सपाट जमिनीवर रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी थेट पोहोचण्याची हद्द, सुमारे 54 किलोमीटरवर येते, म्हणजे रामटेक, उमरेड, बुटीबोरी, सावनेर सारे आत बसते. जुन्या ॲनालॉग काळात हा ढोबळपणा खपून जाई, कारण सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या येत, पण माणसे दिसत आणि बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये ती सवलत नाही. ठरावीक पातळीपर्यंत चित्र स्वच्छ राहते आणि तिच्या खाली एक-दोन डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचे माप) घसरताच पडदा काळा होतो. म्हणून नकाशावरच्या रेषेची चूक थेट घरात उतरते.

ब्रिटनमध्ये व्याप्ती ठरवण्याचे हे काम चौकोनांनी होते. सारा प्रदेश शंभर मीटर बाजूच्या चौकोनांत वाटतात आणि चौकोनातल्या किमान 70 टक्के जागांवर, 99 टक्के वेळ सिग्नल पुरेसा असेल, तरच तिथली घरे मोजणीत धरतात. वेळेची अट कडक आहे, कारण हवेतल्या तापमानाचा क्रम उलटला की दूरच्या केंद्राच्या लहरी वाकून येतात आणि जवळच्या सिग्नलमध्ये मिसळतात. नागपूरच्या हिवाळी पहाटे जमिनीलगत थंड हवा साचते, तेव्हा हे होण्याची शक्यता आपल्याकडेही आहेच.

तिथली स्थानिक केंद्रे 2013 पासून सुरू झाली, पहिले ग्रिम्सबीचे. मोठ्या केंद्रांच्या वापरातून मधे उरलेल्या वारंवारता त्यांना मिळाल्या आणि बहुतेकांनी जुनेच मनोरे धरले, कारण लोकांच्या छपरांवरचे अँटेना आधीपासून त्याच दिशेला तोंड करून होते. मला या कामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते: नियोजन मनोऱ्यापासून नव्हे, छपरापासून सुरू झाले.

आता नागपूरचे छप्पर पाहा. धरमपेठेत किंवा महालात गच्चीवर उभे राहिले, तर दिसतात त्या पाण्याच्या टाक्या आणि आकाशाकडे पाहणाऱ्या डिश. जुना ॲल्युमिनियमचा अँटेना शोधावा लागतो. म्हणजे आपल्याला घरातल्या, टीव्हीच्या शेजारी ठेवलेल्या छोट्या अँटेनापर्यंत पोहोचायचे आहे. अँटेना दहा मीटरवरून दीड मीटरवर आणला की 500 मेगाहर्ट्झच्या आसपास सुमारे 16 डेसिबल जातात आणि भिंतींसाठी नियोजनात आणखी 8 धरतात. हे 24 डेसिबल भरून काढायचे, तर अडीचशे पट शक्ती लागेल. तेवढी कुणी देणार नाही.

उपाय आहे, तो कमी माल आणि पक्की पोच. एका चिन्हात, म्हणजे सिग्नलच्या एका तुकड्यात, सहा बिट माहिती भरणाऱ्या 64-क्वामऐवजी दोनच बिट भरणारी क्यूपीएसके पद्धत वापरली, तर 11-12 डेसिबलची सूट मिळते, मात्र वाहून नेण्याची क्षमता एक तृतीयांशावर येते. ब्रिटनच्या स्थानिक केंद्रांनी हीच पद्धत घेतली. एका शहराला डझनभर वाहिन्या नकोतच. दोन-तीन चांगल्या चालल्या तरी पुष्कळ.

राहता राहिला प्रश्न कुणाला आत घ्यायचे याचा, आणि त्याचे उत्तर मीटर देत नाही. काटोलचा संत्री-उत्पादक कळमन्याच्या बाजारभावाकडे डोळे लावून बसतो. नागपूरची बातमी ही त्याच्या पोटाची बातमी आहे, पण काटोल त्या 54 किलोमीटरच्या वर्तुळाच्या अगदी कडेला पडते. तिथे त्याच वारंवारतेवर छोटा प्रक्षेपक बसवता येतो. दोन केंद्रांच्या लहरी मागेपुढे पोहोचल्या तरी गोंधळ होऊ नये, म्हणून दोन चिन्हांमधले राखीव अंतर मोठे ठेवावे लागते: 224 मायक्रोसेकंद ठेवले, तर दोन केंद्रांत 67 किलोमीटरपर्यंतचा फरक चालतो, आणि त्याची किंमत म्हणून एक पंचमांश वेळ जातो. काटोलसाठी ती मोजावी, असे माझे ठाम मत आहे. भंडारा तसे फार दूर नाही, पण तिथली बोली झाडी आणि जिल्हा वेगळा. त्याला स्वतःचे केंद्र हवे, नागपूरच्या वर्तुळाची कड नव्हे.

अंबाळ्याच्या काठची घरे मात्र नागपूरचीच आहेत. गडाच्या मागच्या त्या चौकोनांसाठी एक छोटा भरणा-प्रक्षेपक, म्हणजे सिग्नल न पोहोचणारी जागा भरून काढणारा, पहिल्याच आराखड्यात असावा आणि त्याची जागा ठरवण्याआधी खांब घेऊन कुणीतरी तिथे पुन्हा जावे.