तुम्ही विचारलंत म्हणून: २८० मतांची गोष्ट

नाशिकहून मामांचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. "अगं, तुमच्याकडे गर्भपाताच्या मुद्द्यावर निवडणुका फिरतात म्हणे, मग २०२४ला ट्रम्प कसे निवडून आले?" आणखीही बरेच जण हेच विचारतात. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे आणि त्यावर कुणी मतं मागत नाही, म्हणून नवल वाटणं साहजिक आहे. मी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये राहते, मतही इथेच देते, तेव्हा ॲरिझोनाचंच सांगते.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला देशभर घटनात्मक हक्क मानणारा 'रो विरुद्ध वेड' हा १९७३ चा निकाल मोडीत काढला आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांच्या हाती गेला. ॲरिझोनात १८६४ चा एक कायदा तसाच पडून होता. आईचा जीव वाचवण्यापुरती सूट, बाकी गर्भपात करून देणाऱ्याला दोन ते पाच वर्षं तुरुंगवास. तो झाला तेव्हा ॲरिझोना हे राज्यही नव्हतं आणि बायकांना मतही नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲटर्नी जनरलची निवडणूक आली. आपल्याकडे महाधिवक्ता नेमला जातो, इथे लोक निवडून देतात. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार क्रिस मेझ यांनी प्रचारातच सांगून टाकलं होतं की या कायद्याखाली मी कुणावरही खटला भरणार नाही. सुमारे पंचवीस लाख मतं पडली. फेरमोजणी झाली आणि मेझ २८० मतांनी निवडून आल्या. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त मतदार असतील. इतक्या कमी फरकात कुठल्याही कारणाला 'माझ्यामुळेच' म्हणता येतं, हे मला मान्य आहे. तरीही हा मुद्दा नसता तर त्या पडल्या असत्या, असंच मला वाटतं.

एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जुना कायदा लागू करता येईल असा निकाल दिला. मेझ आपल्या शब्दाला जागल्या. मे महिन्यात राज्याच्या सिनेटने १६ विरुद्ध १४ मतांनी कायदा रद्द करायला मंजुरी दिली, तीही ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे दोन सदस्य पलीकडे गेले म्हणून.

मग नोव्हेंबर आला. मतपत्रिका टपालाने घरी आली, दोन मोठे कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. राष्ट्राध्यक्षपद अगदी वर आणि बऱ्याच पुढे प्रस्ताव १३९: गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकेल तोपर्यंत गर्भपाताचा हक्क ॲरिझोना राज्याच्या घटनेत घालायचा का? साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं. त्याच मतपत्रिकेवर ट्रम्प सुमारे साडेपाच टक्क्यांनी जिंकले. म्हणजे दोन्हीकडे खूण करणारे लाखोंनी होते. इतकंच काय, तो एप्रिलचा निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींनाही याच मतदारांनी पदावर कायम ठेवलं. याचा मला आजही त्रास होतो.

मामा, उत्तर इथेच आहे. हक्काचा प्रश्न वेगळा विचारला की लोक तिथे 'हो' म्हणतात आणि मग राष्ट्राध्यक्ष निवडायला मोकळे होतात. ट्रम्प म्हणत होते, हे राज्यांनी ठरवावं. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि वरचं मत किराणा, घरभाडं आणि सीमेचा प्रश्न यांवर दिलं. मिझुरीतही तेच झालं. हक्क जेमतेम पास झाला, ट्रम्प मात्र आरामात जिंकले. उमेदवाराला या मुद्द्याचा खरा फायदा होतो तो निर्णय थेट त्याच्या हातात असेल तेव्हा. विस्कॉन्सिनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल एका टक्क्याच्या आत लागतो, पण एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयातली न्यायमूर्तीची जागा, जी तिथे मतदानाने भरतात, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने उघड बोलणाऱ्या जॅनेट प्रोटासेविझ यांनी अकरा टक्क्यांनी जिंकली.

इथल्या मैत्रिणी म्हणतात, आता घटनेत आलंय, विषय संपला. मला ते पटत नाही. उद्या वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, देशभरासाठी बंदीचा कायदा झाला तर राज्याची घटना त्याला अडवू शकणार नाही. आणि ॲटर्नी जनरलचं पद २०२६ च्या नोव्हेंबरात पुन्हा मतपत्रिकेवर आहे.