खाणकामगारांच्या गावातले संशोधन

जनरल प्रॅक्टिसमधील, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातील संशोधनाचा विषय निघाला की मला प्रथम डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट (1927–2018) आठवतात. दक्षिण वेल्समधील ग्लिनकॉरग या कोळसा खाणकामगारांच्या गावात त्यांनी अनेक वर्षे दवाखाना चालवला आणि तिथेच संशोधन केले. खोकला किंवा पाठदुखी घेऊन आलेल्या माणसाच्या दंडालाही पट्टा बांधून ते रक्तदाब मोजत, त्याची नोंद ठेवत आणि जे येत नसत त्यांचा पाठपुरावा करत. त्यामुळे कोणतीही तक्रार नसलेला उच्च रक्तदाब वेळीच हाती लागे. जिथे गरज सर्वाधिक, तिथेच चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी मिळते, हा त्यांचा 1971 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेला सिद्धांत सर्वपरिचित आहे, मला मात्र त्या नोंदवह्या अधिक मोलाच्या वाटतात. मोठ्या रुग्णालयात गुंतागुंतीचे, निवडून पाठवलेले रुग्ण दिसतात, तर आजार मूळ धरत असतो तो गल्लीतल्या दवाखान्यात. एडिनबरा विद्यापीठाने 1963 मध्ये जनरल प्रॅक्टिसचे जगातले पहिले प्राध्यापकपद निर्माण केले, ते म्हणूनच महत्त्वाचे. आपल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनाही अशा दवाखान्यात बसून एकाच कुटुंबाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवायला शिकवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.